पाणमांजरांची कहाणी आणि मिटलेल्या मुठी

एका श्रावणी शुक्रवारी आमच्या घरातल्या पाच जणांनी मल्लेश्वरमपासून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंतचा प्रवास उजव्या हाताची मूठ घट्ट मिटून केला. ते आंदोलन नव्हतं. नवसही नव्हता. पाणमांजरांवरचा एक कार्टून सिनेमा अर्धा राहिला होता, इतकंच.

गोष्ट नव्वदच्या दशकातली आहे. (व्हीसीआर नावाचं यंत्र भाड्यानं मिळायचं, आणि ते घरी आलं की शेजारचे लोक साखर मागायला यायचे, तेव्हाची.) आई या वर्षी गेली. तिच्याविषयी चार गंभीर ओळी लिहाव्यात म्हणून मी बरेच दिवस कागद पुढे घेऊन बसतो आहे. पण गंभीर ओळ सुरू केली की टेम्पोत मूठ मिटून बसलेली आई दिसते आणि ओळ जागीच बसते. तेव्हा आधी हे लिहून टाकलेलं बरं.

आम्ही मूळचे बेळगावकडचे. अप्पा नोकरीसाठी बंगळूरला आले आणि मल्लेश्वरममध्ये स्थिरावले. आईचं मराठीही त्याच मातीत मुरलं. ती भाजीवाल्याला अण्णा म्हणायची, त्याच्या बायकोला अक्का म्हणायची, आणि घरात कुणी घाई केली तर 'स्वल्प थांब की' म्हणायची. घरात आई, अप्पा, मी, माझी बायको मीना आणि माझ्याहून बराच लहान असलेला भाऊ बाळू. मी कॉलेजात ग्रंथपाल. मी कमी बोलतो, त्यामुळे मी बोललो की ते महत्त्वाचं असतं असा घरात गैरसमज होता.

त्या गैरसमजातूनच हे सगळं झालं.

बाळूला इलेक्ट्रॉनिक सिटीत एका कंपनीत नोकरी लागली होती. मल्लेश्वरम शहराच्या एका टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटी दुसऱ्या. तो पहाटे अंधारात कंपनीची बस पकडायचा आणि रात्री पानावर बसल्या बसल्या पेंगायचा. एक दिवस त्यानं मला गच्चीवर नेलं आणि सांगितलं की त्यानं ऑफिसजवळ एक खोली घेतली आहे, किल्लीही मिळाली आहे, फक्त आईला सांगायचं राहिलं आहे.

"दादा, तू सांग. तुझं ती ऐकते."

आई माझं ऐकायची नाही. मी फारसं काही बोलायचो नाही म्हणून तसं वाटायचं. पण हे बाळूला सांगायला मला मोठेपणा आडवा आला.

आता यात अडचण काय होती ते सांगतो. श्रावणातल्या शुक्रवारी आई जिवतीची पूजा करायची. देवघराच्या भिंतीवर जिवतीचा कागद, त्याला दूर्वांची आणि आघाड्याची माळ, चणे-फुटाण्यांचा नैवेद्य. मग सगळ्यांनी हातात अक्षता घेऊन कहाणी ऐकायची आणि शेवटी आईनं पोरांना ओवाळून त्यांच्या डोक्यावर त्या अक्षता टाकायच्या. जी मुलं दूर असतील त्यांच्यासाठी चार दिशांना टाकायच्या. शेजारच्या, नात्यातल्या बायका दरवर्षी दिशांना अक्षता टाकत. कुणाचा मुलगा मुंबईला, कुणाची मुलगी अमेरिकेत. आईनं मात्र कधी दिशेला दाणा टाकला नव्हता. तिची दोन्ही डोकी हाताशी होती. ती याचा गर्व करायची नाही, पण शुक्रवारी संध्याकाळी शेजारणींच्या दिशा मोजायची हे खरं.

म्हणजे बाळूनं घर सोडायचं म्हणजे फक्त घर सोडायचं नव्हतं. आईच्या आयुष्यातली पहिली दिशा उघडायची होती. आणि ते तिला न रडवता, बाळूला न लाजवता करायचं काम माझ्याकडे आलं होतं.

मी ते काम पुस्तकी माणूस करतो तसं केलं. म्हणजे वाचन केलं. एका इंग्रजी साप्ताहिकात एका कार्टून सिनेमाचं परीक्षण आलं होतं. पाणमांजरांचं एक कुटुंब. ती झोपताना एकमेकांचे हात धरून पाण्यावर तरंगतात, प्रवाहात कुणी वाहून जाऊ नये म्हणून. सगळ्यात धाकट्याला समुद्र पाहायचा असतो. एक दिवस तो हात सोडतो. परीक्षणकारानं पुढे लिहिलं होतं की शेवट प्रत्येक आईबापानं पाहावा. बस. मी ठरवलं की शेवटी आई त्याला हसत निरोप देत असणार. इतक्या चांगल्या कागदावर छापणारे लोक आणखी काय सुचवणार? सिनेमा आधी स्वतः पाहून घ्यावा हे मला सुचलं नाही. ग्रंथपालाचा छापील मजकुरावर असा विश्वास असतो.

आईचं म्हणणं पडलं की चित्रांच्या माकडचेष्टा तिला बघायच्या नाहीत, आणि तेही शुक्रवारी. (बाळूनं शुक्रवारचीच रजा काढली होती.) तेव्हा मी माझ्या मते एक चतुर वाक्य बोललो.

"आई, ही कहाणीच आहे. पोरांच्या कल्याणाची."

"कहाणी?"

"अगदी जिवतीसारखीच."

आईनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग ती आत गेली, कुंकू लावलेले तांदूळ वाटीत घेऊन आली आणि सगळ्यांच्या हातावर चिमूटचिमूट ठेवत म्हणाली, "कहाणी असंल तर कहाणीसारखी ऐकायची. संपेपर्यंत कुणी मूठ उघडायची नाही. अर्ध्यावर सोडून उठायचं नाही."

"उठलं तर काय होतं?" अप्पांनी विचारलं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही ते असले प्रश्न विचारायचे.

"जो उठतो तो तिथंच अडकतो," आई म्हणाली.

मीना पुण्याची. तिनं मुठीकडे आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की माहेरी लिहायच्या पत्रातला पहिला परिच्छेद मला स्पष्ट दिसला.

सिनेमा सुरू झाला. आईला इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता आणि तिला एका शब्दाचीही गरज पडली नाही. पहिल्या पाच मिनिटांत तिनं त्या घरातली नाती लावून टाकली. ती जाड मिशांची थोरली जाऊ, हा आळशी तो दीर, आणि ही मधली, जी सगळ्यांना मासे वाटून शेवटी स्वतः शेपूट खाते, ती आई. "बघ की, हिनं जेवलंच नाही," ती मीनाला सांगत होती. मीही तेच दृश्य पाहत होतो. माझ्या लक्षात ते आलं नव्हतं.

मग रात्र झाली आणि सगळी पाणमांजरं हातात हात धरून पाण्यावर उताणी झाली. आई खुर्चीत पुढे सरकली.

"कसली गं माया," ती म्हणाली. "पण यांचं बरं आहे. एकाच माणसानं काढलेली असणार सगळी, म्हणून हात सुटत नाहीत. शिवाय यांना कंपनीची बस नाही."

बाळूनं माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं. अप्पा झोपले होते, पण मूठ मिटलेली होती. पेन्शनच्या रांगेतही त्यांना तसंच झोपताना मी पाहिलं आहे.

धाकट्यानं हळूच हात सोडवला. पाणी वाढलं. आभाळ काळं झालं, वीज कडाडली, पिल्लू गटांगळ्या खाऊ लागलं, इकडे आई जागी झाली आणि तिनं शेजारी हात चाचपला—

आणि करंट गेला.

धरणात पाणी नाही म्हणून त्या वर्षी लोडशेडिंग रोजचंच होतं. पण त्याच्या वेळा ठरलेल्या असायच्या आणि त्या पाहूनच मी कार्यक्रम आखला होता. (नियोजन हा माझा दुसरा दुर्गुण.) हा करंट वेळेबाहेर गेला होता. अप्पा जागे होऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. पलीकडच्या रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळला होता. उद्या दुपारपर्यंत आशा नाही.

आईनं विचारलं, "मग त्या पोराचं काय झालं?"

मी सांगितलं की तो सुखरूप समुद्रावर पोहोचतो आणि त्याची आई त्याला आनंदानं निरोप देते.

"तू बघितलास काय?"

"वाचलंय."

"वाचलेलं राहू दे."

मीना दयाळू आहे. तिनं सांगितलं की तो घरी परत येतो. अप्पांना मुळात कोण हरवलंय हेच माहीत नव्हतं, तरी त्यांनी त्याला वाचवायला एक मगर आणली. आईनं तिघांचे तीन शेवट ऐकून घेतले आणि वाटीतल्या खोट्या नाण्यासारखे बाजूला सारले. पोर पाण्यात आहे, ती म्हणाली, आणि तुम्हाला गप्पा सुचताहेत. कहाणी पुरी होईपर्यंत कुणीही मूठ उघडणार नाही. कॉफीही नाही.

शेजारी नेऊन पाहावं तर सगळा भाग अंधारात. बरं, नुसती कॅसेट घेऊन कुणाकडे जावं तर ती यंत्राच्या पोटात अडकलेली. करंट आल्याशिवाय ते तोंड उघडत नव्हतं. मी कॅसेटच्या दुकानात गेलो. मालक काळोखात वारा घेत बसला होता. 'स्वल्प ॲडजस्ट माडी,' म्हणजे जरा सांभाळून घ्या, असं तो म्हणाला, आणि माझी मिटलेली मूठ बघून घाईनं उभा राहिला. मला वाटतं, त्याला मी भांडायला आलो असं वाटलं. आयुष्यात एकदाच कुणीतरी मला घाबरलं ते असं.

परत आलो तर आई तशीच बसून होती. तिचा चेहरा खरोखर उतरला होता. चित्रातलं असलं तरी पिल्लू होतं, आणि तिच्या घरातून बाहेर पडून बुडत होतं. बाळूला ते बघवेना.

"माझ्या खोलीवर करंट असतो," तो म्हणाला. "तिकडे कंपन्यांची वेगळी लाईन आहे. कधी जात नाही."

बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते.

मीनानं डोळे मिटले. अप्पांनी चष्मा काढून पुन्हा घातला. ज्या बातमीसाठी मी साप्ताहिक वाचलं, यंत्र आणलं, पाणमांजरं बोलावली, ती बातमी बाळूनं एका वाक्यात सांगून टाकली होती.

"कुठली खोली?" आईनं विचारलं.

बाळूनं खाली मान घालून सांगितलं. कधी घेतली, कुठे आहे, किल्ली खिशात आहे. "तुला सांगणार होतो. दादा सांगणार होता."

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही याबद्दल मी आजही तिचा ऋणी आहे. तिनं स्वतःच्या मुठीकडे पाहिलं.

"ते नंतर बघू," ती म्हणाली. "आधी कहाणी. टीव्ही हाय काय तिथं?"

"नाही."

"मग आपला घ्या. आणि ते यंत्र पण."

रंगीत टीव्ही त्या काळी लहान कपाटाएवढा असे. तो चार जणांनी चार डाव्या हातांनी उचलावा अशी त्याची रचना नव्हती. अप्पा सूचना देत होते, त्यामुळे खरं तर तीनच डावे हात. टीव्ही पायऱ्या उतरेपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक गॅलरीत माणूस उभा होता. करंट नसल्यामुळे कुणालाच दुसरं काही बघायला नव्हतं.

कोपऱ्यावरचा टेम्पोवाला तयार झाला, पण आमच्या मुठी पाहून त्यानं कन्नडमध्ये विचारलं, की अम्मा, हा कसला स्ट्राइक? आईनं त्याच्या शेजारी बसून त्याला कन्नडमध्ये सगळं सांगितलं. शुक्रवार, जिवती, पाणमांजर, वादळ. मॅजेस्टिक येईपर्यंत त्यानं रेडिओ बंद केला होता. मडिवाळ्याला पोहोचेतो तो आईला विचारत होता की पिल्लाला पोहता येतं ना? होसूर रोडला आईनं वाटीतल्या उरलेल्या अक्षता त्याच्याही हातावर ठेवल्या आणि त्यानंतर तो एका हातानं टेम्पो चालवू लागला. उरलेला रस्ता मला आठवत नाही.

मागे आम्ही चौघं टीव्हीभोवती उभे होतो. खड्डा आला की टीव्ही सांभाळायचा की स्वतःला, हा प्रश्न पडायचा, म्हणून शेवटी मोकळ्या हातानं प्रत्येकानं शेजारच्याचा दंड धरला. अप्पांनी माझा, मी मीनाचा, मीनानं बाळूचा. सिल्क बोर्डाच्या सिग्नलला एका बसमधले सगळे प्रवासी आमच्याकडे टक लावून बघत होते. मीना म्हणाली, "पुण्यात हे कुणाला खरं वाटणार नाही." पण तिनं हात सोडला नाही.

बाळूच्या खोलीत एक चटई होती, एक बादली होती, विजेची एक शेगडी आणि पातेलं होतं आणि खिळ्याला एक शर्ट होता. करंट मात्र होता. आईनं दारातूनच खोली पाहिली. मला वाटलं आता ती रडेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच बोलणार नाही. ती आत गेली, बादली उपडी केली, तिच्यावर टीव्ही ठेवायला सांगितला आणि माझ्याकडे वळली.

"नव्या जागेत दूध उतू घातलं नाही काय यानं? जा, दूध घेऊन ये."

"आत्ता? आई, कहाणी—"

"मुहूर्ताला दूध नको काय? पळ. मूठ उघडू नकोस."

मी पळालो. वरमहालक्ष्मीचा सण असल्यामुळे अर्धी दुकानं बंद होती आणि इलेक्ट्रॉनिक सिटीत तेव्हा दुकानं मुळातच कमी होती. सगळीकडे काचेच्या उंच कंपन्या, आत कॉम्प्युटर, आणि दुधाचा एक थेंब नाही. बऱ्याच अंतरावर एका टपरीवर एक पाकीट मिळालं. ते डाव्या हातात, अक्षता उजव्या हातात, असा घामाघूम होऊन मी परत आलो.

दारात पोहोचलो तेव्हा पडद्यावर नावं वर सरकत होती.

मीना डोळे पुसत होती. अप्पा खिडकीबाहेर बघून नाक शिंकरत होते. टेम्पोवाला भिंतीला टेकून उघड उघड रडत होता. बाळू आईच्या पायाशी चटईवर बसला होता आणि त्याच्या केसांत लाल अक्षता होत्या. सगळ्यांच्या मुठी उघडल्या होत्या.

"थांबला नाहीत?" मी विचारलं.

"परत करंट गेला असता म्हणजे?" आई म्हणाली. "पोर पाण्यात होतं."

"काय झालं शेवटी?"

सगळे आईकडे पाहू लागले.

"आधी दूध," ती म्हणाली.

मी म्हटलं, ठीक आहे, दूध तापेपर्यंत कॅसेट मागे फिरवा, शेवटची दहा मिनिटं मीही बघतो. बाळूनं बटण दाबलं. कॅसेट घुर्र करत मागे जाऊ लागली. आईनं शेगडीवर पातेलं ठेवलं. दूध वर आलं. रीतीप्रमाणे ते उतू जायलाच हवं होतं, आणि ते रीतीप्रमाणे अगदी छान, चारी बाजूंनी, शेगडीच्या तारेवर उतू गेलं.

फट् असा आवाज झाला आणि जिथला करंट कधी जात नाही तिथला करंट गेला.

त्या काळोखात मी मूठ मिटून उभा होतो. आता हिचं काय करू, असं मी आईला विचारलं. तिनं माझी मूठ स्वतःच्या हातानं उघडली. घामानं भिजलेले ते दाणे एकेक करून तिनं पदराच्या टोकाला बांधून घेतले.

"तू कहाणी कुठं ऐकलास? तुझे नाही चालत याच्या डोक्यावर," ती म्हणाली. "राहू देत. पुढच्या शुक्रवारी लागतील. दिशेला."

बाळूच्या घर सोडण्यावर आमच्या घरात झालेली चर्चा एवढीच.

टीव्ही आईनं तिथेच ठेवला. पोराला एकटं वाटायला नको म्हणून. यंत्र आणि कॅसेट दुकानात परत गेली आणि ती कॅसेट मला पुन्हा कधी मिळाली नाही. पुढच्या शुक्रवारी तिनं अप्पांना विचारलं की इलेक्ट्रॉनिक सिटी नेमकी कोणत्या बाजूला येते. अप्पांनी खिडकीतून सूर्य बघून आग्नेय दाखवली. आमच्या देवघरातून आग्नेयेला माझी वाचायची खुर्ची आहे. त्यामुळे दर श्रावणात बाळूच्या कल्याणाच्या अक्षता माझ्या डोक्यावर पडत. बाळूची भरभराट झाली. माझ्या पुस्तकांत तांदूळ झाले.

आणि आई त्या सिनेमाचा शेवट लोकांना सांगू लागली. जिची मुलगी अमेरिकेला निघाली होती तिला तिनं सांगितलं की पिल्लू समुद्रावर पोहोचतं आणि दर भरतीला घरी निरोप पाठवतं. ज्या शेजाऱ्याचा मुलगा तिशी उलटली तरी हलत नव्हता त्याला सांगितलं की आई पाणमांजरच पिल्लाचा हात सोडवते. मीनाचे वडील गेले तेव्हा ती मीनाजवळ बसून काहीतरी वेगळंच सांगत होती, ते मला ऐकू आलं नाही. मी एकदा म्हणालो की आई, एका सिनेमाला इतके शेवट नसतात. ती म्हणाली, "तुला काय ठाऊक? तू दुधाला गेला होतास." बाळू आणि मीना यांनी मला कधीही काही सांगितलं नाही. आईनं शपथ घातली होती म्हणे.

या श्रावणात शुक्रवारी बाळू आला. त्याचे केस पांढरे झाले आहेत. जिवतीचा कागद मीनानं लावला होता, पण ओवाळायला कुणी नव्हतं, म्हणून आम्ही दोघं भाऊ जरा वेळ देवघरासमोर नुसते बसलो. मग त्यानं खिशातून फोन काढला आणि म्हणाला की तो सिनेमा आता फोनवर मिळतो. लावू का, दादा?

मी नको म्हणालो.

अर्धी कहाणी सोडून जो उठतो तो तिथंच अडकतो, असं आई म्हणाली होती. तिचं खरं झालं. घरातले सगळे ती कहाणी पुरी करून पुढे गेले, शेवटी आईही गेली. मी तेवढा डाव्या हातात पाकीट आणि उजवी मूठ मिटून अजून दुधालाच गेलेलो आहे.